कुणाची गोष्ट, कुणाच्या हाती: जस्टिन चॉनचा नट ते दिग्दर्शक प्रवास

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला पॅरामाउंट नावाचं एक लहान शहर आहे. त्याच नावाच्या बड्या फिल्म स्टुडिओशी या शहराचा काही संबंध नाही. १९९२ साली तिथे सांग चॉन या कोरियन गृहस्थांचं चपला-बुटांचं दुकान होतं. हे गृहस्थ लहानपणी दक्षिण कोरियात पडद्यावरचे नावाजलेले बालनट होते. अमेरिकेत आल्यावर अभिनय मागे पडला आणि पोटापाण्यासाठी दुकान आलं. त्या वर्षीच्या दंगलीत ते लुटलं गेलं. त्यांचा मुलगा जस्टिन तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे याच मुलानं त्या दंगलीवर चित्रपट लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात प्रमुख भूमिका केली आणि वडिलांना त्यात दुकानदाराचं काम दिलं. कित्येक दशकांनी सांग चॉन पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

ही गोष्ट स्थलांतरित नटाची वाटते, पण काटेकोरपणे बोलायचं तर या घरातले स्थलांतरित नट वडील आहेत. जस्टिनचा जन्म १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हचा, आणि तो वाढला जवळच्या अर्व्हाइनमध्ये. तरी त्याची कारकीर्द स्थलांतराच्या पोटातूनच आलेली आहे. हे प्रकरण अभ्यासायला घेण्याचं कारण त्याचं यश नाही. त्याच्याहून यशस्वी कोरियन-अमेरिकन कलावंत बरेच आहेत. पण त्याच्या प्रत्येक चित्रपटापाशी एकच प्रश्न उभा राहतो: ही गोष्ट कुणाची, आणि ती सांगायची परवानगी कुणी दिली? एका चित्रपटात या प्रश्नाचं उत्तर त्याच्या घरातच होतं. दुसऱ्यात ते नव्हतं, आणि त्याचा परिणाम सगळ्यांसमोर झाला. चित्रपट करू पाहणाऱ्यानं हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

दुकानं कुठून आली

अमेरिकेनं १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि देशागणिक ठरलेला जुना कोटा मोडीत काढला. १९७० च्या जनगणनेत तिथे साधारण ७० हजार कोरियन होते, १९९० मध्ये जवळपास ८ लाख. आलेल्यांत शिकलेले लोक भरपूर होते. पण इंग्रजी कच्चं, कोरियातल्या पदव्यांना किंमत नाही. मग नोकरीऐवजी धंदा. किराणा, दारू, ड्राय-क्लीनिंग, विग, बूट. भांडवल उभं राहायचं ते ‘ग्ये’मधून. ही आपल्या भिशीसारखीच पद्धत: ओळखीतल्या लोकांनी दरमहा पैसे घालायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं रक्कम उचलायची. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये दुकान स्वस्तात मिळायचं, कारण मोठ्या कंपन्यांनी ती वस्ती कधीच सोडून दिली होती. तिथले रहिवासी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, गल्ल्यावर कोरियन. सकाळपासून रात्रीपर्यंत समोरासमोर, पण एकमेकांच्या घरी येणं-जाणं नाही.

१६ मार्च १९९१ रोजी अशाच एका दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झटापट झाली आणि सून जा डू या दुकानदार बाईनं लताशा हार्लिन्स या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला पाठमोरी असताना गोळी घातली. रसाची किंमत होती १ डॉलर ७९ सेंट. ज्यूरीनं दोषी ठरवूनही न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही; देखरेखीखाली सुटका, समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढ्यावर भागवलं. हार्लिन्सच्या मृत्यूच्या तेरा दिवस आधी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीचं चित्रण झालं होतं. २९ एप्रिल १९९२ रोजी त्या खटल्यातले पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले आणि शहर पेटलं. ६० हून अधिक माणसं मेली, सुमारे १०० कोटी डॉलरचं नुकसान झालं. कोरियनांच्या २ हजारांहून जास्त दुकानांची हानी झाली. पोलीस श्रीमंत वस्त्यांच्या बंदोबस्ताला गेले आणि कोरियाटाउन ही कोरियनांची वस्ती वाऱ्यावर सुटली, हा राग त्या समाजात आजही आहे.

जस्टिन चॉनच्या ‘गूक’ या चित्रपटामागे एवढा सगळा इतिहास आहे. त्याच्याकडे जाण्यापूर्वी नट म्हणून त्याच्या वाट्याला काय आलं ते पाहायला हवं.

तोंडी लावण्यापुरता

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यानं व्यवसाय व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून छोट्या पडद्यावर कामं करायला लागला. मुलांच्या एका विनोदी मालिकेत नायकाचा मित्र झाला. २००८ मध्ये ‘ट्वायलाइट’ हा शाळकरी मुलगी आणि रक्तपिपासू तरुणाच्या प्रेमाचा चित्रपट आला. या चित्रपटमालेनं जगभरात ३०० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. चॉन त्यात एरिक योर्की होता, नायिकेचा शाळेतला बडबड्या वर्गमित्र. पहिल्याच दिवशी तो नव्या मुलीला शाळा दाखवायला पुढे होतो. गोष्ट पुढे सरकते, मग एरिक मागच्या बाकावर जातो आणि तिथेच राहतो. ज्यांनी या मालेची पारायणं केली त्यांनाही त्याचं आडनाव पटकन आठवेल याची खात्री नाही.

‘क्रॉसिंग ओव्हर’ (२००९) स्थलांतरितांच्या अनेक कथा गुंफणारा चित्रपट. त्यात तो नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर असलेला आणि एका दरोड्यात ओढला गेलेला कोरियन मुलगा होता. भूमिका गंभीर होती, पण कोरियन मुलगा, टोळी आणि दुकान हे समीकरण ठरलेलंच. २०१४ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द ग्रीन ड्रॅगन्स’मध्ये मध्यवर्ती काम मिळालं ते न्यूयॉर्कच्या चिनी टोळीतल्या तरुणाचं. चेहरा आशियाई असला की झालं, कोरियन कोण आणि चिनी कोण हे पाहायची गरज हॉलिवूडला तेव्हा वाटत नव्हती.

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘२१ अँड ओव्हर’ (२०१३). यात तो जेफ चँग. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाची मुलाखत, घरी करडे वडील, आणि एकविसाव्या वाढदिवसाला दोन गोरे मित्र त्याला दारू पाजायला नेतात. पुढचा बराचसा चित्रपट जेफ चँग बेशुद्ध आहे. मित्र त्याला खांद्यावर टाकून हिंडवतात आणि त्याचं घर शोधत फिरतात. सगळा घाट त्याच्यासाठी, पण बोलतात, भांडतात, प्रेमात पडतात ते दुसरेच. अंगानं राबणारा विनोद चॉननं चोख केला आहे, त्यात त्याचं कौशल्य दिसतं. पण आशियाई नटाला मोठं काम देऊन त्याला कथेत झोपवून ठेवायचं, याचं इतकं स्वच्छ चित्र शोधूनही सापडणार नाही.

नटाच्या हाती दोनच गोष्टी असतात, होकार आणि नकार. नकार देत राहिलं तर घरभाडं कुठून भरायचं, आणि होकार देत राहिलं तर पुढची भूमिकाही तशीच येते. चॉनसारख्यांना तिसरा रस्ता दिसला तो इंटरनेटमुळे. त्या काळात आशियाई-अमेरिकन मुलं स्वतःच कॅमेरे घेऊन व्हिडिओ करत होती आणि त्यांना लाखो प्रेक्षक मिळत होते, कुणाची परवानगी न मागता. चॉनचा त्या मंडळींत वावर होता. त्याचा पहिला दिग्दर्शित चित्रपट ‘मॅन अप’ (२०१५) त्यानं त्यांच्यातल्याच केव्हिन वूबरोबर लिहिला. हवाईत घडणारी, बाप होऊ घातलेल्या एका पोराची ती कॉमेडी. चित्रपट फारसा लक्षात राहण्यासारखा नाही. एक पूर्ण लांबीची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत हाताळायचा सराव त्यानं झाला, एवढं त्याचं मोल.

‘गूक’: संमती घरातच होती

दंगलीवरच्या इतर प्रकल्पांच्या संहिता वाचताना कोरियन बाजू त्यांत धड उतरलेली नाही असं जाणवल्याचं चॉननं मुलाखतींत सांगितलं आहे. म्हणून त्यानं स्वतः लिहिलं. शीर्षकासाठी आशियाई लोकांना हिणवण्याचा शब्दच घेतला. ‘गूक’ २०१७ च्या सनडान्स या अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात ‘नेक्स्ट’ विभागात आला आणि प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार घेऊन गेला. पुढच्या वर्षी स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत नव्या, उमेदीच्या दिग्दर्शकासाठी असलेला सन्मानही चॉनला मिळाला.

चित्रपट कृष्णधवल आहे. छायाचित्रण अँटे चेंग यांचं. एली (चॉन) आणि डॅनियल (डेव्हिड सो) हे दोघे भाऊ वडिलांचं बुटांचं दुकान चालवतात. कमिला ही अकरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी शाळा बुडवून त्यांच्याकडे रमते. तिचं काम करणारी सिमोन बेकर हा या चित्रपटाचा खरा प्राण आहे. एका दिवसाची गोष्ट: २९ एप्रिल. दंगल बराच वेळ दूर आहे, टीव्हीवर आणि क्षितिजावरच्या धुरात. दुकानात मात्र नेहमीचीच हातघाई चाललेली: गाडीच्या डिकीतून आलेले बूट, उधारी, गिऱ्हाइकाशी हुज्जत, दोन भावांची कुरबुर. डॅनियलला गायक व्हायचंय, एलीला दुकान तगवायचंय.

यातलं एक दृश्य नीट पाहण्यासारखं आहे. शेजारच्या दारूच्या दुकानात मिस्टर किम, म्हणजे सांग चॉन. कमिला त्यांच्या दुकानात खाऊ उचलते आणि म्हातारा बंदुकीपर्यंत जातो. एली धावत येतो. दोघांत कोरियन भाषेत भांडण जुंपतं. म्हातारा हट्टी, अंग आखडलेलं, आवाज चढलेला. तरुण अर्धा वयाचा मान राखतोय, अर्धा फुटतोय. हार्लिन्सची आठवण प्रेक्षकाच्या मनात असतेच, चित्रपटाला ती काढून द्यावी लागत नाही. आणि समोर उभे आहेत ते खरे बाप-लेक. ज्या पिढीनं गल्ला सांभाळला तिच्याकडून चूक कुठे झाली, हे मुलगा बापाच्याच तोंडावर विचारतो. बाप ती भूमिका स्वीकारून, त्या माणसाची भीती आणि मग्रुरी दोन्ही दाखवून उत्तर देतो. दुसऱ्या कुठल्याही नटानं हे काम केलं असतं तर मिस्टर किम खलनायक झाला असता, नाहीतर दयेचा विषय. सांग चॉन दोन्ही टाळतात. ज्याचं दुकान खरंच लुटलं गेलं त्या माणसाला दुकानदाराची भीती वेगळी शिकवावी लागत नाही.

‘गूक’मध्ये उणिवा आहेत. शेवटाकडे जाताना पटकथा घाई करते. कमिलाचा मोठा भाऊ कीथ याला थोडी जास्त जागा हवी होती. त्याचा राग पटतो, पण त्याचं घर आपल्याला पुरेसं दिसत नाही. दोन समाजांची गोष्ट म्हणताना एका समाजाचं स्वयंपाकघरापर्यंत दिसतं आणि दुसऱ्याचं अंगणापर्यंतच. तरीही दंगलीत छपरावर बंदुका घेऊन उभे असलेले कोरियन, हे जे एकच छायाचित्र जगानं लक्षात ठेवलं, त्याला बाजूला सारून चॉननं गल्ल्यामागचा माणूस दाखवला. हा हक्क त्याला कुणाकडे मागावा लागला नाही. ज्यांच्याकडे मागायचा ते सेटवर हजर होते आणि पटलं नाही तर तिथल्या तिथे सांगू शकत होते.

मधला टप्पा

‘मिझ पर्पल’ (२०१९) सनडान्सच्या मुख्य अमेरिकन स्पर्धेत होता. चॉननं यात स्वतः काम केलं नाही. केसी (टिफनी चू) कोरियाटाउनमधल्या कराओके खोल्यांत पुरुष गिऱ्हाइकांना सोबत करायचं काम करते आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करते. सेवेला ठेवलेली बाई काम सोडून जाते तेव्हा ती घर सोडून गेलेल्या भावाला बोलावते. हा भाऊ बापाला चाकांच्या पलंगासकट रस्त्यावर घेऊन निघतो. वेडेपणाच, पण त्या उन्हात म्हाताऱ्याचा चेहरा पाहताना आपण त्या मुलाला दोष देऊ शकत नाही. पुन्हा बापच. चॉनच्या सगळ्या कामात हा एक धागा सुटत नाही. मला हा चित्रपट ‘गूक’पेक्षा कमी ताकदीचा, पण जास्त कोवळा वाटतो.

‘ब्लू बायू’: इथे हिशेब चुकला

२०२१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘अं सर्तेन रगार’ विभागात ‘ब्लू बायू’ निवडला गेला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. आता मोठा वितरक, ॲलिसिया विकँडरसारखी ऑस्कर मिळवलेली सहनायिका, १६ मिलिमीटर फिल्मवरचं चित्रण, लुईझियानाची दलदल आणि दमट उजेड. लेखन, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका पुन्हा चॉनची. ट्वायलाइटमधला मागच्या बाकावरचा मुलगा तेरा वर्षांत इथवर आला होता.

नायक अँटोनियो लेब्लांक तिसऱ्या वर्षी कोरियातून दत्तक आलेला. गोंदणाचं काम करतो, बायको गरोदर आहे, तिची आधीची मुलगी त्याला बापच मानते. चित्रपट सुरू होतो तो नोकरीच्या मुलाखतीनं. समोरचा माणूस त्याचं फ्रेंच वळणाचं नाव वाचतो आणि विचारतो, कुठला तू? अँटोनियो गावाचं नाव सांगतो. तसं नाही, मूळचा कुठला? कॅमेरा मुलाखत घेणाऱ्याकडे वळत नाही, अँटोनियोवर आणि शेजारी बसलेल्या लहानग्या मुलीवर थांबतो. अशी मुलाखत दिलेल्या कुणालाही ही दोन मिनिटं अंगावर येतील. पुढे एका झटापटीत त्याला अटक होते आणि मग कळतं की दत्तक घेणाऱ्यांनी त्याच्या नागरिकत्वाचे कागदच केले नव्हते. उभं आयुष्य अमेरिकेत काढलेला माणूस हद्दपारीच्या रांगेत उभा राहतो.

ही कल्पित अडचण नाही. कोरियन युद्धानंतर सुमारे २ लाख मुलं दत्तक म्हणून परदेशी गेली, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेत. दत्तक घेतलं म्हणजे नागरिकत्व आलंच असं तेव्हा नव्हतं, पालकांना वेगळा अर्ज करावा लागे. काहींना ते माहीत नव्हतं, काहींनी केलं नाही. २००० साली झालेल्या कायद्यानं दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली होती ते त्यातून सुटले. आणि १९९६ च्या कायद्यामुळे बारीकसारीक गुन्ह्यांवरूनही हद्दपारी सोपी झाली होती. या दोन कायद्यांच्या फटीत हजारो माणसं अडकली. फट बुजवणारं विधेयक अमेरिकन संसदेत वारंवार मांडलं गेलं, कायदा मात्र झाला नाही.

महाराष्ट्राचाही याच्याशी थेट संबंध आहे. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीचेही कागद पूर्ण झाले नव्हते. मोठेपणी अमली पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि २००८ मध्ये तिला भारतात धाडण्यात आलं. नवरा आणि दोन मुलं तिकडेच राहिली. तिनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तिच्या बातम्या आपल्याकडे आल्या आणि विसरल्याही गेल्या. ‘ब्लू बायू’ पाहताना मला पहिल्यांदा तिची आठवण झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच सुमारास ॲडम क्रॅप्सर यांनी जाहीर आक्षेप घेतला. १९७९ मध्ये तीन वर्षांचे असताना ते कोरियातून अमेरिकेत दत्तक गेले, २०१६ मध्ये त्यांना हद्दपार केलं गेलं. त्यांचं प्रकरण या प्रश्नावरचं सर्वांत गाजलेलं. आपल्या आयुष्यातल्या गोष्टी आपल्या संमतीविना वापरल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘ॲडॉप्टीज फॉर जस्टिस’ या दत्तकांच्या संघटनेनं त्यांची बाजू घेतली आणि चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली. चॉनचं म्हणणं असं की ही कुणा एकाची गोष्ट नाही, अनेक दत्तकांशी बोलून, त्यांचे अभिप्राय घेऊन पात्र घडवलं आहे.

दोन्ही बाजू मी जमतील तितक्या प्रामाणिकपणे तोलून पाहिल्या. चॉनच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे. कायदा एकच असल्यामुळे या सगळ्यांच्या कहाण्यांचा सांगाडा एकसारखाच आहे: बालपणी दत्तक, घरात छळ किंवा दुरावा, तरुणपणीचा गुन्हा, कागद नाहीत, बायको-मुलं, विमान. त्यामुळे नुसत्या साम्यावरून चोरी सिद्ध होत नाही. मी वर सांगितलेली मुंबईची बाईही त्याच सांगाड्यात बसते. पण क्रॅप्सर यांचा आक्षेप तेवढ्यानं निकालात निघत नाही. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर खऱ्या दत्तकांची छायाचित्रं येतात. म्हणजे चित्रपट स्वतःच सांगतो की मी यांच्या वतीनं बोलतोय. एकदा असं म्हटलं की ‘यांच्या’मधलं सर्वांत ठळक माणूस नाही म्हणत असताना थांबून ऐकणं भाग होतं. ज्या माणसाच्या आयुष्याचे निर्णय लहानपणापासून दुसऱ्यांनीच घेतले, त्याच्याबाबत तर अधिकच.

माझ्या मते चुकलं ते पटकथेच्या पातळीवर नव्हे, तयारीत. ‘गूक’च्या वेळी जाब विचारणारे घरातच होते. ‘ब्लू बायू’त चॉन पहिल्यांदाच दुसऱ्याच्या दुःखात शिरला. तो कोरियन आहे पण दत्तक नाही, आणि कोरियन-अमेरिकन घरात आईबापांबरोबर वाढलेल्या मुलाचं आणि गोऱ्या घरात कोरियाशी तुटून वाढलेल्या मुलाचं आयुष्य वेगळं असतं. त्यानं सल्ला घेतला, पण सल्ला देणाऱ्याला फक्त मत असतं, मालकाला नकाराचा हक्क असतो. असा चित्रपट करताना एखाद्या दत्तक लेखकाला पटकथेत सहलेखक म्हणून बसवता आलं असतं. संघटनेला मसुदा दाखवून, हरकती लेखी घेऊन, त्यांची उत्तरं देता आली असती. खर्चाच्या मानानं ही काही जड कामं नव्हती.

चित्रपट म्हणूनही ‘ब्लू बायू’वर हा ताण दिसतो. कर्करोगानं आजारी असलेली व्हिएतनामी स्त्री (लिन्ह दान फाम), बायकोचा पोलीस असलेला पहिला नवरा, त्याचा दुष्ट सहकारी, मोटारसायकलींची चोरी, विमानतळावरचा आकांत. एका कायद्याची क्रूरता पुरेशी असताना लेखक संकटांवर संकटं रचत जातो, जणू प्रेक्षक पाझरणार नाही अशी त्याला धास्ती आहे. जिथे त्याला आतून माहिती आहे, उदाहरणार्थ ती मुलाखत, तिथे तो शांत असतो. जिथे नाही तिथे आवाज चढतो.

त्यानंतरचं काम

मार्च २०२२ मध्ये ‘पाचिन्को’ मालिका आली, मिन जिन ली यांच्या कादंबरीवरची, जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या परके म्हणून राहिलेल्या कोरियन कुटुंबाची. सूत्रं सू ह्यू यांच्याकडे होती. पहिल्या पर्वातल्या आठ भागांचं दिग्दर्शन चॉन आणि दिग्दर्शक कोगोनाडा यांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं. मालिकेत कोरियन आणि जपानी बोलणं वेगवेगळ्या रंगांच्या उपशीर्षकांनी दाखवलंय, म्हणजे घरातलं माणूस कोणत्या क्षणी कोणत्या भाषेत जातं ते न समजणाऱ्यालाही दिसतं. चॉनच्या वाट्याला शेवटचा भाग होता. त्याच्या अखेरीस कथा थांबते आणि कोरियातून जपानला गेलेल्या खऱ्या वृद्ध स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःविषयी बोलतात. ‘ब्लू बायू’च्या शेवटी छायाचित्रं होती, इथे माणसं बोलतायत. याचं श्रेय एकट्या चॉनला देता येणार नाही, निर्णय मालिकेच्या प्रमुखांचा असतो. पण दोन शेवटांतला फरक शिकण्यासारखा आहे.

२०२३ च्या सनडान्समध्ये त्याचा ‘जामोजाया’ होता: इंडोनेशियन रॅपर आणि त्याला सांभाळणारा बाप, हवाईत. मुख्य भूमिकेत ब्रायन इमॅन्युएल, जो स्वतः इंडोनेशियातून अमेरिकेत येऊन रॅपर म्हणून नाव कमावलेला तरुण आहे. बापाच्या भूमिकेत इंडोनेशियातलेच यायू उनरू. पटकथा चॉननं मेगन हुआंगबरोबर लिहिली. गोष्ट परक्या समाजाची असली तरी ती आतून ओळखणारा माणूस आता चौकटीच्या मधोमध उभा आहे आणि चॉन कॅमेऱ्यामागे आहे.

२०२५ मध्ये ॲपलच्या ओटीटीवर आलेल्या ‘चीफ ऑफ वॉर’चे पहिले दोन भाग त्यानं दिग्दर्शित केले. अठराव्या शतकाच्या अखेरीचा हवाईचा इतिहास, संवादांचा मोठा भाग हवाईयन भाषेत. ही मालिका निर्माण केली ती जेसन मोमोआ आणि थॉमस पाआ सिबेट यांनी, दोघेही हवाईयन वंशाचे. इथे गोष्ट त्यांची, निर्णय त्यांचे, आणि चॉन हा बाहेरून बोलावलेला, आपलं काम जाणणारा दिग्दर्शक.